चि. मुक्तास

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल तू मध्येच फोन ठेवलास, म्हणून लिहितोय. रात्री दोन वाजता यंत्रापाशी बसू नकोस, एवढंच म्हणत होतो. ते आता लिहीत नाही. आईला तसं कबूल केलंय.

तुझ्या त्या प्रथिनाच्या तुकड्यात ५४ व्या जागचं व्हॅलिन हे अमिनो आम्ल काढून त्याहून लहान ॲलनिन घातलं आणि वितळण्याचा वक्र कोसळला, म्हणालीस. कोसळणारच गं. ५६ अमिनो आम्लांचं डोमेन ते, स्वतःची स्वतः घडी घालणारा एवढासा तुकडा. चार पट्ट्यांचा बीटा-पत्रा, त्यावर तिरपं टेकलेलं एकच मळसूत्री हेलिक्स, आणि मधे पाण्यापासून लपलेला इवलासा गाभा. घडी बांधून ठेवणारा डायसल्फाइड बंध एकही नाही. तिथे पोकळी केलीस तर ती भरायला आहेच काय?

मूळ तुकडा ८७ अंशांना उलगडतो, पण त्या वितळणांकावर जाऊ नकोस. गाभा लहान, म्हणून उलगडताना उष्माधारकतेतला फरकही लहान. मुक्त ऊर्जेचा, म्हणजे घडी टिकवणाऱ्या ऊर्जेचा, वक्र सपाट राहतो आणि शून्यावर उशिरा येतो. खोलीच्या तापमानाला शिल्लक किती, तर सहा-एक किलोकॅलरी. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून उरलेली चिल्लर! तुझ्या झोपेचंही तसंच... जाऊ दे.

गार करून हेलिक्सचा सिग्नल पुन्हा २२२ नॅनोमीटरला मोजलास का? तो परत येत नसेल, म्हणजे घडी पुन्हा पडत नसेल, तर त्या वितळणांकावरून मुक्त ऊर्जा काढता येणार नाही. शिवाय प्रथिन उलगडणारं ग्वानिडीन वाढवत नेऊन ४३ व्या जागच्या ट्रिप्टोफॅनची फ्लुओरेसन्स, म्हणजे चमक, बघ. त्या डोमेनमध्ये तो एकटाच आहे, गोंधळ होत नाही. झाली ना शिकवणी सुरू? माफ कर, जुनी खोड.

सहावीत मोरचुदाचे स्फटिक वाढवायचीस, तेव्हा दोरा हलेल म्हणून खोलीत कुणाला पाऊल टाकू द्यायची नाहीस. आत्याला दारातूनच परत पाठवलंस. रात्रभर जागलीस आणि मग ताप काढलास. त्याच आत्याला परवा मी ऐटीत सांगितलं, की स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या अंगावरचं एक प्रथिन आपल्या अँटिबॉडीला धरतं, त्याचाच तुकडा आमची मुक्ता बदलून बघते. ती म्हणाली, "अगंबाई, तिलाच घसा धरला तर?" मी हसलो, पण नंतर ते डोक्यात राहिलं. ग्लोव्ह्ज घालतेस ना? प्रथिन स्ट्रेप्टोकॉकसमध्ये नाही, ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूमध्ये बनवतेस, माहीत आहे मला. तरी विचारतो.

मार्गदर्शकांना सांगून दोन दिवस सुट्टी घे. नसेल जमत तर नको घेऊस, पण ग्वानिडीनचे आकडे मला पाठव. उतार मी इथे हाताने काढून बघतो. मेल मात्र सकाळी पाठव.

तुझा,
बाबा