मुंगी चावल्यावर चुना नको

महोदय,

पावसाळ्यात वारुळांत पाणी शिरले की मुंग्या आमच्या सांगलीतील घरांचा आश्रय घेतात आणि गुळाच्या डब्यापासून तान्ह्या मुलांच्या अंथरुणापर्यंत त्यांची रांग लागते. मुंगी चावताच चुना लावण्याची पद्धत मात्र सोडायला हवी. लाल आगमुंगी नांगीने विष त्वचेच्या आत टोचते, वरून लावलेला चुना तिथे पोहोचत नाहीच, उलट कोवळी कातडी भाजते. हळदीच्या पेठेत राहूनही सांगतो, फुटलेल्या फोडावर हळदही दाबू नये. जागा साबणाने धुऊन, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा, खाज असल्यास औषधाच्या दुकानात मिळणारे कॅलामाइन लोशन लावावे, आणि फोड फोडू नये. ओठ वा जीभ सुजली, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मुंग्या गंधाच्या मागावरून चालतात, त्यामुळे नुसत्या मारण्यापेक्षा त्यांची वाट साबणाच्या पाण्याने पुसणे आणि भिंतीतील फटी बुजवणे अधिक उपयोगी ठरते. मुंग्यांचा खडू हे कीटकनाशकच असते. रांगत्या मुलांच्या घरात तो जमिनीवर ओढू नये.

– एक वाचक, सांगली