ताई, तुम्ही माझं घड्याळ काढून घेतलंत

सप्रेम नमस्कार ताई,

काल फुल मॅरेथॉन पूर्ण केली. पूर्ण ४२.१९५ किलोमीटर. आज कठडा धरून जिना उलटा उतरतोय, मांड्या पेटल्यात नुसत्या. तोंडावर आभार मानले तर तुम्ही हात झटकून पुढे निघून जाल, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तुम्ही भेटलात तेव्हा मी पळणं सोडायच्या बेतात होतो. नडगी ठणकत होती. आधीच्या ग्रुपच्या कोचसाहेबांनी सगळ्यांना एकच वेळापत्रक वाटलं होतं. विशीतला पोरगा असो की पन्नाशीला टेकलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा माझ्यासारखा माणूस. दुखतंय म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मनाने कच्चे आहात." मग एका तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पायाला हातही न लावता "या वयात कशाला हे उद्योग?" असं विचारलं आणि त्याची फी घेतली. एक म्हणे अजून जोर लावा, दुसरे म्हणे बंदच करा. हळू पळून बघा, एवढं साधं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

तुम्ही कोच नव्हतात, ओळखही नव्हती. बाजूने येत विचारलंत, "काय पेस धरलाय?" म्हणजे किती वेगाने पळताय. मला धड एक वाक्य पुरं करता येईना. तुम्ही थांबलात, हात पुढे केलात. "द्या ते घड्याळ." पेस जरा घसरला की माझं घड्याळ थरथरून ओरडायचं. ते काढून तुम्ही स्वतःच्या मनगटावर, तुमच्या घड्याळाच्या शेजारी बांधलंत. "आता बोलत राहा. वाक्य तुटलं की चालायचं."

सकाळभर ते तुमच्या हातावर ओरडत राहिलं आणि तुम्ही एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाहीत. तुमची स्वतःची रेस तोंडावर होती, हे मला फार उशिरा, तेही दुसऱ्यांकडून कळलं. त्या दिवसांतला लाँग रन, म्हणजे रेसच्या तयारीचा लांब पल्ल्याचा सराव, एका अनोळखी माणसाच्या रखडण्यात घालवणं म्हणजे काय, हे पळणाऱ्यांना सांगायला नको.

कारणं तुम्ही नंतर गप्पांच्या ओघात सांगितलीत. दम काही आठवड्यांत सुधारतो. हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर तयार व्हायला महिने लागतात. छाती 'पळ' म्हणते तेव्हा नडगी अजून तयार नसते. आणि हळू पळताना शरीर चरबी जास्त वापरायला शिकतं, साखरेचा साठा पुरवून वापरतं. तो साठा बऱ्याच जणांचा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपतो. काल तिथेच सुरुवातीला मला मागे टाकून गेलेले कितीतरी जण कमरेवर हात ठेवून चालताना दिसले. मी पळत होतो. फार हळू, पण पळत होतो, आणि शेजारच्या माणसाशी बोलतही होतो!

तुमच्या तरुणपणी म्हणजे १९८० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी पळण्याची सर्वांत लांबची शर्यत होती १५०० मीटरची. तिथे त्यांची मॅरेथॉन आली १९८४ साली. 'हे तुम्हाला झेपणार नाही' हे तुमच्या पिढीने किती ऐकलं असेल! तरी इतक्या दिवसांत ते वाक्य तुमच्या तोंडून कोणासाठीच निघालं नाही.

लांब पल्ल्याच्या पळण्यात असली माणसं मधूनमधून भेटतात खरी. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकणाऱ्या चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने त्यातलं एक पुढे ऑस्ट्रेलियाचा धावपटू रॉन क्लार्कला देऊन टाकलं. विश्वविक्रमांची रास घालूनही क्लार्कला ऑलिंपिकचं सुवर्ण कधी मिळालं नव्हतं. झाटोपेकने ते पुडक्यात बांधून निरोप देताना गुपचूप हातात ठेवलं. गाजावाजा नाही, भाषण नाही. तुमचीही तीच रीत.

माझी कालची वेळ विचारू नका. कोचसाहेब ऐकतील तर हसतील. मी मात्र खूश आहे. नडगी अजिबात दुखत नाहीये.

पाय जरा मोकळे झाले की येतो. तुमच्या पुढच्या रेससाठी लाँग रनला सोबत लागली तर हक्काने सांगा. तुमच्या पेसला मी पुरा पडणार नाही, पण पाण्याच्या बाटल्या घेऊन सायकलवरून नक्की येईन.

आपला,
बोलत बोलत पळणारा