खोक्याच्या गणिताबद्दल, मनूला

गुहागर, 11 ऑगस्ट

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले वहीचे फोटो काल रात्री नीट पाहिले. दिवसभर शाळा, त्यात दुपारपासून वीज नाही, म्हणून फोनवर काही लिहिलं नाही. शिवाय हे फोनवर दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतंच. फोनवर तू म्हणालीस, "आई, मला फिजिक्स येतच नाही." सहा गणितं मी ओळीने तपासली. चार बरोबर आहेत. उरलेल्या दोन्हींत चूक एकच आहे, आणि ती न येण्याची नाही, घाईची आहे.

ते खोक्याचं गणित घे. 20 किलोचा खोका, 30 अंशांचा उतार, दोरीने उताराला समांतर 150 न्यूटनची ओढ, घर्षणांक 0.2. खोका थांबलेला होता, 5 मीटर वर गेल्यावर त्याचा वेग किती? तुझं उत्तर 2.5 आलं, पुस्तकात 3 आहे. पानभर आकडे आहेत, पण चित्र कुठेच नाही. पहिल्याच ओळीत तू लिहिलंस, एन बरोबर एमजी, म्हणजे उताराचा आधार खोक्याच्या सगळ्या वजनाएवढा. चूक तिथेच झाली.

हा खोका म्हणजे हापूसची पेटी समज. मे महिन्यात आपल्या अंगणातून टेम्पोत पेट्या चढवताना फळी लावतात, ती तू लहानपणापासून बघत आलीस. आता त्या पेटीवर कोण कोण बल लावतंय ते बाणांनी काढ. पृथ्वी खाली ओढते, सरळ खाली. दोरी वर ओढते, फळीच्या दिशेने. घर्षण फळीच्या दिशेनेच, पण खाली. आणि फळी पेटीला ढकलते, ती फळीला काटकोनात. ही फळी तिरकी आहे मनू, त्यामुळे पेटीचं सगळं वजन तिच्यावर येत नाही. वजन 196 न्यूटन, पण फळीवर दाबतो तो एमजी कॉस थीटा एवढाच भाग (थीटा म्हणजे उताराचा कोन), म्हणजे सुमारे 170. म्हणून घर्षण त्याच्या 0.2 पट, 34 न्यूटन, तू धरलेले 39.2 नव्हे. बाण काढले असतेस तर हे तुला मी सांगावंच लागलं नसतं.

पुढचं आपण वाण्याच्या वहीसारखं मांडू. दोरीने केलेलं कार्य 150 गुणिले 5, म्हणजे 750 ज्यूल जमा. 30 अंशांच्या फळीवर 5 मीटर गेली म्हणजे पेटी अडीच मीटर उंच चढली, त्यात 490 गेले. घर्षणाने 34 गुणिले 5, म्हणजे 170 घेतले. शिल्लक 90. ही शिल्लकच पेटीची गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मे. त्यावरून वेगाचा वर्ग 9, वेग सेकंदाला 3 मीटर. फळीच्या काटकोनातल्या बलाने काही कार्य केलं नाही, कारण पेटी त्या दिशेने हललीच नाही. पण त्या बलाशिवाय घर्षण काढता येत नाही, म्हणून बाणांचं चित्र आणि ही वही दोन्ही लागतात. एकावर भागत नाही.

त्या 490 आणि 170 मध्ये फरक आहे, तोही लक्षात ठेव. 490 ज्यूल ठेवीसारखे आहेत, पेटी खाली घसरली की परत मिळतील. 170 गेले ते गेले, फळी आणि पेटीचा तळ तेवढा गरम झाला. तू सहावीत असताना विहिरीवर पोहऱ्याचा दोर हातातून सुटला होता आणि तळवे सोलवटून निघाले होते, आठवतं? तुझ्या हातांनी तेव्हा हेच ज्यूल सोसले होते. हळद लावताना तू रडत होतीस, तेव्हा हे सांगायची वेळ नव्हती.

काल पहाटे वाऱ्याने आगरात दोन नारळ पडले. एकाच माडाचे, साधारण 12 मीटरवरून. एक वाळूत पडला तो अख्खा, दुसरा विहिरीच्या चिऱ्यांवर पडला तो फुटला. मी पट्टी घेऊन गेले. वाळूत 5 सेंटीमीटरचा खळगा होता. सोडणासकट, म्हणजे वरच्या सालीसकट, नारळ दीड किलो धर. जमिनीला टेकताना दोघांचा वेग सारखाच, सेकंदाला 15 मीटरच्या थोडा वर, म्हणजे ताशी 55 किलोमीटर. ऊर्जाही सारखीच, 176 ज्यूल. मग एक फुटला आणि एक का नाही? कारण वाळूने त्याला 5 सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तिचं सरासरी बल आलं साधारण 3,500 न्यूटन. चिरा दबत नाही. सोडण एखादा सेंटीमीटर चेपलं असेल, तर बल 17,600 न्यूटनच्या घरात. अंतर पाचवा हिस्सा झालं, बल पाचपट झालं. हे मला इतकं आवडलं की तो फुटका नारळ घरात आणायचाही विसरले होते.

शाळेतल्या माझ्या मुलांना मी एक सांगते, तुलाही सांगते. गणितात वेळ किंवा त्वरण विचारलं असेल तर बलांकडून जा. उंची, अंतर आणि वेग एवढंच असेल तर ऊर्जेकडून जा, निम्मं लिहिणं वाचतं. क्लासमध्ये तुम्हाला सूत्रांचा तक्ता पाठ करायला दिला आहे, तो मला पटत नाही. तक्त्यात फळी तिरकी आहे की आडवी हे लिहिलेलं नसतं.

गणपतीला येशील तेव्हा एसटी कुंभार्ली घाट उतरून पोफळीवरून येईल. खिडकीत बस. ब्रेकचा करपट वास आला तर तो कसला ते तुला आता कळेल. कोयनेचं पाणी तिथे जवळपास 475 मीटर खाली येऊन टर्बाइन फिरवतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. एका लिटरमागे किती ज्यूल, आणि त्यात आपल्या पडवीतला 9 वॅटचा दिवा किती वेळ जळेल, हे गाडीतच काढ. गळती धरू नकोस. माझं उत्तर साडेआठ मिनिटांच्या थोडं पुढे आलं.

दुसरं चुकलेलं गणित मी सोडवून देत नाही. त्यात दोन ठोकळे आहेत, प्रत्येकाचं चित्र वेगळं काढ आणि फोटो पाठव. कुळथाचं पीठ संपलं असेल तर कळव, शनिवारी कोल्हापूरला जाणाऱ्या कुणाकडे तरी देते. फुटलेल्या नारळाच्या वड्या केल्या आहेत, त्याही देईन.

तुझी,
आई