खुलासा बातमीच्याच पानावर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रात चुकीचे काही छापून आले की दुखावलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो 'नोटीस पाठवा, दावा ठोका' असा. कोर्टाबाहेरही दाद मागता येते, हे सल्ला देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. वृत्तपत्रेही ते सांगायच्या भानगडीत पडत नाहीत, म्हणून हे पत्र.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांचे छायाचित्र अपहाराच्या बातमीत छापले गेले. आरोपीचे नाव-आडनाव तेच, एवढाच त्यांचा दोष. बातमी पहिल्या पानावर होती. काही दिवसांनी आतल्या पानावर, जाहीर नोटिसांच्या खाली, दोन ओळी आल्या : 'अन्य व्यक्तीचे छायाचित्र नजरचुकीने प्रसिद्ध झाले, त्याबद्दल दिलगीर आहोत.' कोणती बातमी, कोणाचे छायाचित्र, काहीच नाही. बातमी वाचणाऱ्यांपैकी कितीजणांच्या नजरेस तो खुलासा पडला असेल? ज्यांच्या पडला, त्यांना तो कशाबद्दल आहे हे कळायला मार्ग नव्हता. ई-पेपरमध्ये छायाचित्र होते तिथेच राहिले. सरांना एक पैसाही नको होता. ज्यांनी ती बातमी वाचली त्यांनी 'ते हे नव्हेत' हेही वाचावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

नेमके हेच कोर्टाकडून वेळेवर मिळत नाही. अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा वर्षाच्या आत लावावा लागतो. पुढे तो किती वर्षे चालेल हे कोणी सांगू शकत नाही. फौजदारी बदनामीला आपल्याकडे दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ती वैध ठरवली. या तरतुदीचा खरा उपयोग कोणाला होतो? सरांसारख्या माणसाला वकिलाची फी झेपत नाही. ज्याला झेपते, तो तालुक्याच्या बातमीदाराला तारखांमागून तारखांना हेलपाटे घालायला लावतो. अशा माणसाला निकालाची घाई नसते, पुढची बातमी थांबली की त्याचे काम झाले.

दुसरी वाट म्हणजे भारतीय वृत्तपत्र परिषद. ती 1966 मध्ये स्थापन झाली, आणीबाणीत बरखास्त झाली आणि 1978 च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. दैनिकाविरुद्धची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करायची असते, आणि त्याआधी संपादकांना पत्र लिहावे लागते. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण बहुतेक प्रकरणे तिथेच मिटायला हवीत. मात्र प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर परिषद चौकशी करत नाही, म्हणजे दाव्याची घाई करणारा ही वाट स्वतःच बंद करून घेतो. परिषद ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. दूरचित्रवाहिन्या तर तिच्या कक्षेतच नाहीत. एवढ्यावरून तिला 'दात नसलेली' म्हणून हिणवले जाते. माझ्या मते दंडाइतकाच जबर परिणाम प्रसिद्धीने होतो, फक्त निर्णय ठळकपणे छापला गेला पाहिजे.

स्वीडनमध्ये वृत्तपत्रांनी स्वतःहून 1916 मध्ये अशी परिषद काढली आणि 1969 मध्ये तक्रारी ऐकणारा लोकपाल नेमला. दोषी ठरलेल्या वृत्तपत्राला निर्णय स्वतःच्या पानांत छापावा लागतो, वर शुल्कही भरावे लागते. आपल्याकडे 'द हिंदू'ने 2006 मध्ये वाचकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र संपादक नेमला. म्हणजे हे जमण्यासारखे आहे.

प्रत्येक तक्रार मान्य करा असे मी म्हणत नाही. टीका झोंबली म्हणून आलेली तक्रार परत पाठवायलाच हवी; नाहीतर हीच सोय उद्या बातमी दाबायला वापरली जाईल. पण नाव, छायाचित्र, आकडा, तोंडी घातलेले वाक्य या गोष्टी तपासता येतात. त्या तपासणारी व्यक्ती मात्र वृत्तविभागाबाहेरची हवी. ज्या टेबलावर चूक झाली त्याच टेबलावर तक्रार गेली, तर उत्तर काय येणार हे सांगायला नको. आणि चूक ठरली की खुलासा त्याच पानावर यावा, काय चुकले व खरे काय ते स्पष्ट सांगणारा असावा, ई-पेपरमधल्या मूळ बातमीलाही तो जोडावा.

आपल्या वृत्तपत्रात अशा तक्रारी कोण पाहते, किती दिवसांत उत्तर देते आणि ते न पटल्यास वृत्तपत्र परिषदेकडे कसे जावे, हे रोजच्या अंकात मुद्रक-प्रकाशकांच्या नावाशेजारी छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक