आमच्या लीगचे साडेसोळा तास

मा. क्रीडामंत्री यांस,

विषय : एका हौशी फुटबॉल लीगचे थकलेले ११ सामने

महोदय,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघड लिहिते आहे, कारण याआधीची तीन बंद पाकिटातून पाठवली होती आणि ती तिन्ही आवक क्रमांक घेऊन कुठेतरी स्वस्थ बसली आहेत. तुमच्यापर्यंत ती आलीच नसणार, असं मी धरून चालते.

मी एका हौशी फुटबॉल लीगचं वेळापत्रक सांभाळते. दहा संघ आहेत. प्रत्येक संघ बाकीच्या नऊ जणांशी दोनदा खेळतो, म्हणजे १८ फेऱ्या आणि ९० सामने. अठरा वर्षांवरचं कुणीही खेळू शकतं. निवड चाचणी नाही, मानधन नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्यातलं कुणी उद्या देशाकडून खेळेल याची सुतराम शक्यता नाही. गेल्या रविवारी नववी फेरी संपली आणि हंगाम मध्यंतराला आला. सामन्याच्या मध्यंतरात खेळाडू पाणी पितात, बुटांच्या नाड्या आवळतात आणि पूर्वार्धातल्या चुका एकमेकांच्या गळ्यात घालतात. मी गुणतालिका घेऊन बसले.

ही तालिका कुणाला दाखवायची मला लाज वाटते. पहिल्या क्रमांकावरचा संघ नऊ सामने खेळला आहे, त्याचे १७ गुण आहेत. चौथ्या क्रमांकावरचा संघ पाचच सामने खेळलाय आणि त्याचे १३ गुण आहेत. चार जिंकले, एक बरोबरीत सुटला. उरलेले चार त्यांनी जिंकले तर २५ होतील, हरले तर १३च राहतील. आमच्या लीगमध्ये पुढे कोण आहे, हे मला सांगता येत नाही. आणि लीगमध्ये मला तेवढं एकच काम आहे.

आतापर्यंत ४५ सामने व्हायला हवे होते. निकाल लागले ३४ सामन्यांचे. राहिलेल्या अकरांपैकी चार पावसाने गेले. त्याबद्दल तक्रार नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं मैदानात पाऊल टाकायचं नाही हा नियम आम्ही पाळतो, आणि पंचांनी पाण्यात चेंडू टाकून पाहिला, तो उसळलाच नाही, की सामना रद्द. पावसाशी वाद घालता येत नाही. बाकीचे सात सामने मात्र मैदान परत घेतल्यामुळे गेले. रीतसर अर्ज केलेलं, परवानगी मिळालेलं, तारीख-वेळ लिहून दिलेलं मैदान. कधी सत्कार, कधी प्रदर्शन, एकदा नुसतीच वाहनं उभी करायला. सातपैकी पाच वेळा आम्हाला कळलं ते आदल्या दिवशी. उरलेल्या दोनपैकी एका वेळी तर कळवलंही नाही. बावीस माणसं, पंच आणि फक्कीची पिशवी घेऊन मी, असे सगळे कुलूप लावलेल्या फाटकाशी उभे होतो.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती माझ्याही उशिरा लक्षात आली. आठवड्याला आमचे पाच सामने होतात : शनिवारी संध्याकाळी दोन, रविवारी सकाळी दोन, रविवारी संध्याकाळी एक. संध्याकाळच्या वेळा मी मुद्दाम पाळीत काम करणाऱ्यांना देते. दवाखान्यातले कर्मचारी आहेत, सुरक्षारक्षक आहेत, रात्रभर गाडी चालवून पहाटे घरी येणारे आहेत. त्यांना सकाळी सातला मैदानावर बोलावणं म्हणजे शिक्षाच. आणि कार्यक्रम केव्हा असतात? संध्याकाळी. त्यामुळे मैदान काढून घेतलं की फटका बसतो तो बहुतेक वेळा त्याच दोन-तीन संघांना. चौथ्या क्रमांकावरचा तो पाच सामन्यांचा संघ त्यांच्यातलाच आहे. कुणी ठरवून केलं नाही हे मला मान्य आहे. पण ज्यांना आठवड्यात एकच संध्याकाळ मोकळी मिळते नेमकी त्यांचीच संध्याकाळ जाते, हा माझ्या वेळापत्रकाचा दोष मानायला मी तयार नाही.

थकलेले सामने आठवड्याच्या मधे घ्या, असं एका अधिकाऱ्यांनी सुचवलं. घेऊन पाहिले. मैदानाला दिवे नाहीत, तेव्हा बुधवारी चार वाजता. फुटबॉलच्या नियमांनुसार एखाद्या संघाकडे सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच होऊ शकत नाही. एका संघाचे पाच जण आले, दुसऱ्या वेळी दुसऱ्या एका संघाचे सहा. सहावा धापा टाकत आला होता, कामाच्या गणवेशातच. समोरच्या संघाला पुढे चाल, निकाल ३–०. ज्या ३४ निकालांबद्दल वर लिहिलं, त्यातले हे दोन कागदावरचे आहेत. जिंकलेल्या संघाच्या कर्णधारानं मला विचारलं, ‘हे तीन गोल कुणाच्या नावावर लिहिणार?’ नियमपुस्तिकेत याला उत्तर आहे. मला ते त्या वेळी देववलं नाही.

महोदय, लीग नावाची गोष्ट जन्मली ती नेमक्या याच वैतागातून, आणि तीही एका पत्रामुळे. इंग्लंडमध्ये १८८८ सालापर्यंत मोठे क्लबसुद्धा बहुतेक करून मैत्रीपूर्ण सामने खेळत. सामना ठरायचा, लोक यायचे आणि ऐनवेळी समोरचा संघ फिरकायचा नाही, कारण त्याला दुसरीकडे बरा सामना मिळालेला असायचा. ॲस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर मूळचे स्कॉटलंडचे, धंद्याने कापडाचे दुकानदार. मार्च १८८८ मध्ये त्यांनी काही क्लबांना पत्र लिहिलं : आपण काही जण मिळून दर हंगामात एकमेकांच्या मैदानावर ठरलेले सामने खेळू या. सप्टेंबरमध्ये १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली, प्रत्येकाचे २२ सामने. गंमत म्हणजे विजयाला किती गुण द्यायचे, हे त्यांचं हंगाम सुरू झाल्यावर ठरलं. (दोन ठरले. विजयाला तीन गुण इंग्लंडमध्ये १९८१ पासून आणि विश्वचषकात १९९४ पासून.) म्हणजे गुणांवाचून त्यांचं काही अडलं नाही, बक्षिसाची तर बातच सोडा. सामना ठरला म्हणजे होणार, हा भरवसा आधी आला. बाकी सगळं मागाहून.

आम्हाला भरवसाच हवा आहे. अनुदान मागत नाही. करंडक मागत नाही. गेल्या वेळचा अजून माझ्या कपाटावर आहे, विजेत्या संघाला तो ठेवायला जागा सापडली नाही. क्रीडा विभागाचा अर्ज भरताना मात्र दर वेळी हसू येतं. ‘राष्ट्रीय स्तरावर निवड झालेले खेळाडू’ या रकान्यात मी शून्य लिहिते. ‘खेळाडूंची एकूण संख्या’ असा रकानाच नाही. दोनशेच्या वर माणसं दर आठवड्याला घाम गाळतात, ती तुमच्या अर्जात कुठेच मावत नाहीत.

खरं तर ती मावायला हवीत. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डेन्मार्कचे पीटर क्रुस्ट्रप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी फुटबॉलचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. आयुष्यात कधी फारसं न खेळलेल्या, मध्यमवयीन, रक्तदाबाचा त्रास असलेल्या माणसांना त्यांनी आठवड्यातून दोनदा तासभर छोट्या मैदानावर खेळवलं आणि काही महिन्यांत त्यांचा रक्तदाब उतरला. आमचा एक बचावपटू हे पुरावे वगैरे काही न वाचता रोज सांगत असतो. त्याला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, चालण्याचा कंटाळा म्हणून तो इथे आला. पण व्यायाम लागू पडतो तो सलग केला तर. तीन आठवडे सामना नाही, मग एकाच शनिवार-रविवारी दोन, हा व्यायाम नव्हे. त्याने पोटऱ्या धरतात.

दुखापतींवरून आठवलं. कार्यक्रम झालेलं मैदान आम्हाला परत मिळतं ते कसं, हे कुणी पाहतं का? मंचाचे खांब उपटल्यावर खड्डे तसेच राहतात. वाहनांच्या चाकांनी गवत दाबलं जाऊन माती इतकी घट्ट होते की पाणी मुरत नाही. गोलच्या तोंडाशी आणि मध्यवर्तुळात आधीच गवत कमी, तिथे मग चिखल. चौथ्या फेरीत आमच्या एका खेळाडूचा पाय अशाच खड्ड्यात गेला, गुडघा फिरला, आतला अस्थिबंध तुटला. त्याचा हंगाम तिथेच संपला. त्याहून मला भीती वाटते ती गोलखांबांची. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच लोखंडी चौकट कार्यक्रमासाठी उचलून कडेला ठेवतात आणि परत आणून नुसती उभी करतात. नियमांच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की गोल जमिनीला पक्का बांधलेला असला पाहिजे. हे वाक्य तिथे शोभेसाठी नाही. सुटा गोल अंगावर पडून मुलं दगावली आहेत. दर शनिवारी खुंट्या ठोकायचं काम मी आणि आमचे पंच करतो. पंच सत्तरीला आलेत.

फक्त रडगाणं गायला बसले नाही मी. या पूर्वार्धात एक गोष्ट फार चांगली झाली, ती तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने तळागाळातल्या फुटबॉलला काही सवलती दिल्या आहेत : सामन्याची वेळ कमी करता येते, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो, आणि पिवळं कार्ड मिळालेल्याला थोडा वेळ बाहेर बसवता येतं, खेळाच्या एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के. आमचा सामना ७० मिनिटांचा, म्हणून आम्ही आठ मिनिटं ठरवली. पंचांशी हुज्जत घातली की आठ मिनिटं बाहेर. पहिल्या दोन फेऱ्यांत बाकावर गर्दी असायची. आठव्या आणि नवव्या फेरीत एकही जण बसला नाही. गेल्या वर्षी दोन पंच शिव्या ऐकून सोडून गेले होते. त्यांतला एक परत आलाय. याला ना पैसा लागला ना परिपत्रक. नियम आधी सांगितला आणि सगळ्यांना सारखा लावला, एवढंच.

मैदानाच्या बाबतीतही तेवढंच मागते आहे. मैदान सगळ्यांचं आहे, कार्यक्रमही व्हायला हवेत. आमच्या सामन्यापेक्षा एखादं काम मोठं असू शकतं. पण हंगामाची परवानगी एका पत्रात, सगळ्या तारखांसकट मिळावी. ती मागे घ्यायची वेळ आली तर किमान १४ दिवस आधी लेखी कळवावं आणि त्याच पत्रात बदली वेळ लिहावी, ‘नंतर बघू’ नको. आणि मैदान जो वापरेल त्याने खड्डे बुजवून, गोलखांब खुंट्यांनिशी परत उभे करून ते द्यावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. तुमच्या विभागाचं एका पानाचं परिपत्रक पुरेल आणि त्याचा लाभ एकट्या आमच्या लीगला नाही, मैदान मागणाऱ्या प्रत्येकाला मिळेल.

उत्तरार्धाचं गणित असं : नऊ फेऱ्यांचे ४५ सामने आणि थकलेले ११, एकूण ५६. ठरलेले नऊ आठवडे आम्हाला मिळालेच (मिळतील ना?) तर ४५ होतील. थकलेल्यांसाठी वेगळी वेळ लागेल. ३५–३५ मिनिटांचा खेळ, दहा मिनिटं मध्यंतर, दहा मिनिटं संघांची ये-जा, म्हणजे सामन्याला दीड तास. अकरा सामन्यांचे साडेसोळा तास. सगळे शनिवारी किंवा रविवारी, उजेडात. एवढे तास मिळाले तर मी गुणतालिका कुणालाही दाखवू शकेन.

दहाव्या फेरीच्या परवानगीचा अर्ज १७ दिवसांपूर्वी दिला आहे. पोच माझ्याकडे आहे, मंजुरी अजून नाही. फेरी येत्या शनिवारी सुरू होते.

आपली,
दहा संघांचं वेळापत्रक सांभाळणारी एक कार्यकर्ती

ता. क. : पत्र पूर्ण करून ठेवलं होतं, तेवढ्यात शेजारच्या एका संस्थेने आपल्या आवारातलं मैदान दुपारपुरतं दिलं आणि थकलेल्यांपैकी एक सामना उरकला. २–२. तेव्हा वरचा आकडा दुरुस्त करून वाचावा : थकलेले सामने दहा, तास पंधरा.