आबांची शेती आणि तुझे कर्ज

चि. महेश यास अनेक आशीर्वाद.

परवा आपले शब्दाला शब्द वाढले आणि ‘आबांनी केली तीच शेती मी करणार, त्यात भ्यायचे काय?’ असे म्हणून तू फोन ठेवलास, म्हणून हे पत्र. नोकरी सोडू नकोस, असे मी म्हणणार नाही. बोअरसाठी कर्ज काढण्याची घाई नको, एवढेच.

आत्याने तुला आबांचे दिवस गोड करून सांगितले असणार. मंगळवेढ्याच्या त्या काळ्या रानात ते आधी कूळ होते. १ एप्रिल १९५७ रोजी कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली खरी, पण तिची किंमत हप्त्याहप्त्याने फेडायची होती, आणि किंमत फिटून जमीन आपली झाल्याचे, कायद्याच्या ३२ म कलमाचे प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत आबांनी सणालासुद्धा नवे धोतर घेतले नाही. कर्जाची धास्ती मी त्या घरात शिकलो.

उत्तरा नक्षत्राचा पाऊस पडला की गाव तिफणी बाहेर काढी. आबा मात्र वावरात हातभर उकरत, खालची माती मुठीत आवळत आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटला नाही, तरच बैल जुंपत. पुढे पाऊस आला नाही तरी तेवढ्या ओलीवर मालदांडी ज्वारी पोटरीत येते, हा त्यांचा हिशोब सहसा चुकत नसे. माघात ज्वारी उपटताना तळहातांना चिरा पडत आणि आजी रात्री त्यांत कोमट तेल सोडी. हुरडा खायला येणाऱ्या पाहुण्यांना ते हात दिसत नसत.

१९७२ साली मात्र उकरूनही ओल लागली नाही. आबा आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. आम्ही सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. गाव दामाजीपंतांचे, पण आपल्यासाठी कोणी कोठार उघडील, अशी आशा आबांनी धरली नाही. दावणीची जोडी त्यांनी विकली, सर्जा गेल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. तरी सावकाराची पायरी चढले नाहीत. तू ज्या बोअरसाठी सही करणार आहेस, त्याला पाणी लागले नाही तर विकायला तुझ्या दावणीला काय आहे?

पुन्हा तेच बोललो. रागावू नकोस, तुझ्या आईनेही आज मला याच शब्दांवरून टोकले. तू पाठवलेला माती परीक्षणाचा अहवाल मी चष्मा लावून दोनदा वाचला आणि शेजारच्या गुरुजींनाही दाखवला. आबांची मूठ जे सांगत असे, ते तू आकड्यांत मांडले आहेस, हे त्यांना सांगताना मला फार बरे वाटले.

यंदाची रब्बी विहिरीच्या पाण्यावर आणि ओलीवर काढ, बियाण्याचे पैसे मी पाठवतो. बँकेचे कागद आलेच, तर सही करण्याआधी व्याजाचा दर मला कळव.

तुझा,
दादा