हेलबाईंना आभाराचं पत्र

आदरणीय लेडी हेल,
सादर नमस्कार.

तुम्ही ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्ष झालात, पण त्याच्या कितीतरी आधी मँचेस्टर विद्यापीठात अठरा वर्षं कायदा शिकवलात. आमच्याकडे शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणतात, म्हणून मी तुम्हाला हेलबाईच म्हणणार. मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर लंडनला आले. तुमच्या एका निकालामुळे मला आणि माझ्या मुलीला राहायला जागा मिळाली. आपली कधी भेट झालेली नाही. तरी आभार नाव घेऊन मानायचे आहेत, आणि तेही मराठीत, कारण माझ्यासारखी आणखी कुणी वाचत असेल तर तिला हे कळायला हवं.

माझ्या नवऱ्याने माझ्या अंगाला कधी बोट लावलं नाही. बँकेचं कार्ड मात्र त्याच्या पाकिटात असायचं. दुकानातून आले की पावती टेबलावर ठेवायची. तो पेन घेऊन एकेक ओळ तपासायचा. कोथिंबिरीच्या दोन जुड्या कशाला, एक पुरली नसती का, यावरून रात्री उशिरापर्यंत आवाज चढायचा आणि मुलगी दाराआडून ऐकत राहायची. मग तीन-तीन दिवस अबोला. आमचे पासपोर्ट त्याने कुठे ठेवलेत, ते मला ठाऊक नव्हतं. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “मारत नाही ना? मग घे सांभाळून.” तिच्या पिढीत याहून वेगळं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं; मी तिला दोष देत नाही. पण मुलीला घेऊन बाहेर पडले, तेव्हा कौन्सिलच्या, म्हणजे बेघरांची सोय पाहणाऱ्या इथल्या पालिकेच्या, खिडकीवरही पहिला प्रश्न तोच आला. त्यांनी तुम्हाला मारलं का?

मारलं नाही, असं म्हटलं की दार बंद होण्याची भीती. राहतं घर आपणहून सोडलं तर तुम्ही मुद्दाम बेघर झालात असं धरलं जाऊ शकतं. १९९६ च्या हाउसिंग ॲक्टमध्ये याला एक वाट आहे. त्या घरात राहिल्यास कौटुंबिक हिंसा होण्याची शक्यता असेल, तर डोक्यावर छप्पर असूनही ती व्यक्ती बेघर मानायची. २०२१ पर्यंत त्या कलमात शब्द ‘हिंसा’ असाच होता. पण हिंसा कशाला म्हणायचं? २००६ साली अपील न्यायालयाने शारीरिक हिंसाच धरली होती. पुढे पश्चिम लंडनमधल्या हाउन्सलो कौन्सिलने एका स्त्रीला याच कारणावरून नकार दिला. दोन लहान मुलं घेऊन ती निघाली होती. नवरा मुलांसमोर ओरडायचा, घरखर्चाला पैसे द्यायचा नाही, मुलं हिरावून घेईल अशी तिला धास्ती होती. मारलेलं नव्हतं.

तिचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात तुमच्यापर्यंत आलं आणि २६ जानेवारी २०११ रोजी निकाल लागला. मुख्य निकालपत्र तुमचं. धमकावणं, दहशतीखाली ठेवणं आणि ज्यातून थेट किंवा आडून इजा पोचण्याचा धोका निर्माण होतो असा कोणताही छळ, हे सगळं तुम्ही ‘हिंसा’ या शब्दात आणलंत. न्यायमूर्ती ब्राउन यांनी आपल्या शंका नोंदवल्या, पण ते विरोधात गेले नाहीत. काही वर्षांनी माझ्या बाजूने बोलायला आलेल्या कार्यकर्तीने तोच परिच्छेद छापून आणला होता. तिने तो कागद खिडकीतून आत सरकवला. अधिकाऱ्याने वाचला, आत जाऊन कुणाशी तरी बोलून आला आणि नवा फॉर्म काढला. त्या फॉर्मवर पावत्यांबद्दल लिहायला जागा होती.

नंतर मी तो निकाल वाचनालयात बसून पूर्ण वाचला. माझं इंग्रजी बेताचं, तरी अडखळले नाही. वर्गात समोरच्या पोरांना कळेपर्यंत समजावायची सवय असल्याशिवाय असं लिहिता येत नाही, असं मला वाटतं. म्हणून मग तुमच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. यॉर्कशायरमधलं रिचमंड. तुम्ही तेरा वर्षांच्या असताना वडील गेले आणि आई गावच्या शाळेत मुख्याध्यापिका झाली. केंब्रिजला गर्टन कॉलेजमध्ये तुम्ही पहिल्या आलात, बॅरिस्टरच्या परीक्षेतही पहिल्या. मँचेस्टरमध्ये थोडी वकिली केलीत आणि तरी विद्यापीठच निवडलंत. विषय घेतलेत कुटुंब, मनोरुग्णांचे हक्क, बायका आणि कायदा. यात मोठी फी देणारा अशील सहसा नसतो.

१९८४ मध्ये तुम्ही लॉ कमिशनवर, म्हणजे कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या आयोगावर गेलात, तिथल्या पहिल्या स्त्री सदस्य. त्या कामातून १९८९ चा चिल्ड्रन ॲक्ट आला, आणि तोही माझ्या घरापर्यंत पोचला. मुलगी कुणाकडे राहणार हे ठरवताना न्यायालयाने जी यादी पाहायची, तिच्यात पहिलं कलम मुलाच्या इच्छेचं आणि भावनांचं आहे. कोर्टाने पाठवलेली बाई माझ्या मुलीशी एकटीशी बोलली, तिने सांगितलेलं लिहून घेऊन गेली. तोवर त्या पोरीला कुणी काही विचारलंच नव्हतं; मीसुद्धा तिला फक्त घेऊन निघाले होते.

घरगुती छळापासून संरक्षण देणारं, कमिशनच्याच कामातून आलेलं विधेयक १९९५ मध्ये वृत्तपत्रांच्या ओरडीमुळे मागे घ्यावं लागलं. तेव्हा टीका तुमच्या नावाने झाली. पुढच्याच वर्षी त्यातलं बरंचसं कायद्यात आलं. १९९४ मध्ये हायकोर्ट, १९९९ मध्ये अपील न्यायालय, २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तेव्हाचं सर्वांत वरचं न्यायालय. वकिलीत आयुष्य न काढलेली व्यक्ती न्यायाधीश कशी, अशी कुरबूर झाली म्हणतात. मला तर उलट वाटतं. अंगावर वळ नसलेल्या बाईचं गाऱ्हाणं तुम्हाला नवं नव्हतं, कारण वीस-पंचवीस वर्षं तुम्ही तेच वाचत, शिकवत आणि लिहीत आला होतात.

भारतात २००५ च्या कायद्याने पैशाची अडवणूक आणि मानसिक छळ यांनाही कौटुंबिक हिंसा मानलं, याचा मला अभिमान आहे. पण आमच्या घटनेच्या कलम १२४ मध्ये नामवंत विधिवेत्त्याला थेट सर्वोच्च न्यायालयात घेण्याची तरतूद असूनही आजवर त्या वाटेने एकही प्राध्यापक न्यायाधीश झालेला नाही. तुमचा प्रवास वाचल्यापासून हे मला फार खटकतं. कुठल्या तरी विधी महाविद्यालयात आजही अशी एखादी बाई शिकवत असेल.

बाई, मनापासून आभार. आणि हाउन्सलोच्या त्या स्त्रीचेही. नकाराचं पत्र घेऊन ती गप्प बसली असती, तर तुमच्यासमोर ते प्रकरण आलंच नसतं. ती कुठे असेल मला माहीत नाही. हे पत्र तिलाही आहे.

आपली कृतज्ञ,
लंडनमधली एक सातारकर